‘सरळ परळ गाठा’ म्हणणाऱ्यांसाठी

माणदेशी: काल इथं एकानं सल्ला दिला, "कॅन्सर निघाला तर गावाकडच्यांनी जिल्ह्यात वेळ घालवू नये, सरळ परळ गाठावं, मुंबईचं टाटा हॉस्पिटल." डोकंच फिरलं. माझ्या आईला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. लाईट, म्हणजे रेडिएशन, आठवड्याला ५ दिवस, असे ५ आठवडे. मशीनखाली १० मिनिटं, आणि त्यासाठी डोंबिवलीला भाच्याच्या दोन खोल्यांत मुक्काम, रोज लोकलचा धक्का. इकडं डाळिंब वाऱ्यावर. मशीन मिरजेतही होतं, पण तिथं चालेल हे सांगणार कोण? तपासणी एकीकडं, गाठीचा तुकडा दुसऱ्या लॅबला, फाईल माझ्या पिशवीत. उपचाराच्या सरकारी योजनेची मंजुरी दोनदा परत आली, कारण रेशनकार्डावर ‘हौसाबाई’ आणि आधारवर ‘हौसा’. या सगळ्यांना एकमेकांशी बोलायला लावणारा एक माणूस द्या. मशीनचं नंतर बघू.

परळवारी: तो ‘एकजण’ मीच. वडिलांच्या गालाची गाठ जिल्ह्याच्या गावी अर्धवट काढली, मुंबईत सगळं पहिल्यापासून निस्तरावं लागलं. चुकीच्या उपचारांचा समन्वय करून काय मिळवणार? आणि तुम्हाला डोंबिवलीत भाचा तरी होता.

बार्शीकर: भांडा. बार्शीत १९८७ पासून खेड्यातल्या कॅन्सरची नोंदणी चालू आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांवर अभ्यास झाला, २००९ ला छापून आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर करणारा विषाणू) तपासणीनं ८ वर्षांत गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आपल्याच दारात सिद्ध झालं, आणि आपण लोकलच्या गर्दीवर बोलतोय. तंबाखूच्या मिश्रीवर तर कुणी अवाक्षर काढत नाही.

आशाताई_वाडी: तपासणीला बाई आणायची कुणी? आम्हीच ना? तिशीवरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरा, लसीकरण बघा, बाळंतपण बघा, टीबीच्या गोळ्या द्या. घरी गेलं की सून दारातच अडवते, "सासूबाईंसमोर तो शब्द काढू नका."

माणदेशी: त्यात सुनेचं काय चुकलं? मीही आईला ‘गाठ आहे’ एवढंच सांगितलं. हाय खाल्ली असती तिनं.

परळवारी: म्हणजे शरीर तिचं, आणि निर्णय डाळिंबवाल्या मुलाचा! याला फसवणूक म्हणतात.

माणदेशी: तोंड सांभाळून. माझी आई आहे, तुमचा केसपेपर नाही.

बार्शीकर: आमच्या आजोबांना सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून जेवण सोडलं त्यांनी. सांगा आता.

आशाताई_वाडी: आमच्या वाडीतली एक बाई तिसऱ्या आठवड्यात लाईट सोडून परत आली. अंगावरून जाणं थांबलं, म्हणजे गाठ विरघळली असं तिला वाटलं. भांगलण खोळंबली होती ना! तिला कुणी खरं सांगितलंच नव्हतं. आता रात्रभर कण्हते. दुखणं थांबवणाऱ्या मॉर्फिनचा कायदा २०१४ ला सोपा केला म्हणतात, आमच्या तालुक्याला गोळी मिळत नाही.

परळवारी: हेच म्हणत होतो.

माणदेशी: तुम्ही परळ म्हणत होता.

परळवारी: बरं बाबा. ऑपरेशन मोठ्या ठिकाणी, लाईट जवळ, केमो जिल्ह्यात. झालं समाधान? २०२५ च्या बजेटमध्ये ३ वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कॅन्सरचं डे-केअर केंद्र देणार म्हणालेत, केमो घेऊन त्याच दिवशी घरी. खुर्च्या येतील, सलाईनचे स्टँड येतील. तुमचा तो समन्वयवाला मात्र पाचनंतर फोन उचलणार नाही, लिहून ठेवा.

आशाताई_वाडी: आम्हाला रात्री अकरालाही येतात फोन. उचलतो.

माणदेशी: टोमणे राहू द्या. आईला पुढच्या महिन्यात दाखवायचंय. मुंबईहून कागद घेऊन इकडंच दाखवलं असं कुणी आहे का? सांगली-मिरज भागात कुणाकडं जायचं?

परळवारी: व्यनि (खासगी निरोप) केलाय. त्या डॉक्टरांकडं वेळ घेऊन जा, तुकड्याचा मेणातला ब्लॉक आणि काचेची स्लाइड दोन्ही न्या, नुसता रिपोर्ट चालत नाही. आणि जायच्या आधी आईला सांगा. ते विचारतात.