लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हर्च्युअल मशीन दुसरीकडे हलवणं) संपतच नाही, डर्टी पेजेस (हलवताना बदललेले मेमरीचे तुकडे) कशी मोजतात?

दर्यावर्दी, रत्नागिरी:
मिरकरवाड्यातल्या मासळीच्या हिशेबाचा डेटाबेस केव्हीएमवर (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवणारी यंत्रणा) आहे, १६ जीबी रॅम. लिलाव चालू असताना दुसऱ्या मशीनवर हलवायला घेतला की पाठवायच्या मेमरीचा 'शिल्लक' आकडा उतरतो आणि परत चढतो. गेस्टने (आतल्या व्हर्च्युअल मशीनने) कुठलं पेज बदललं हे केव्हीएमला कळतं कसं?

कातळावरचा:
बदलांची नोंद ठेवणारं लॉगिंग चालू केलं की पेजेसवरची लिहिण्याची परवानगी काढून घेतात. गेस्ट लिहायला गेला की फॉल्ट (प्रोसेसर अडवून केव्हीएमला कळवतो), बिटमॅपमध्ये (दर पेजला एक बिट अशा यादीत) खूण, परवानगी परत. ४ केबीच्या पेजला एक बिट, म्हणजे तुमच्या १६ जीबीला अवघे ५१२ केबी. २ एमबीची मोठी पेजेस तेवढ्यापुरती फोडतात, नाहीतर एका बाइटपायी अख्खे २ एमबी पाठवा! इंटेलच्या पीएमएलमध्ये (पेज मॉडिफिकेशन लॉगिंग, प्रोसेसरमधलीच सोय) फॉल्टची कटकट वाचते: प्रोसेसरच पत्ते ५१२ नोंदींच्या बफरमध्ये टाकतो, भरला की केव्हीएमला हाक.

दर्यावर्दी:
दादा, मग बदललेली पेजेस पुन्हा पाठवायच्या दर फेरीला सगळा बिटमॅप चाळायचा?

कातळावरचा:
हो, म्हणून तर लिनक्स ५.११ मध्ये डर्टी रिंग (फक्त बदललेल्या पेजेसची यादी) आली, दर व्हीसीपीयूला (गेस्टच्या आभासी प्रोसेसरला) वेगळी. पण तुमचं दुखणं ते नाही. १ गिगाबिट लाइनवरून सेकंदाला १२५ एमबीच्या वर काही जाणार नाही, डेटाबेस त्याहून जास्त पेजेस बदलत असेल तर जन्मात संपायचं नाही. क्यूईएमयूचं (केव्हीएमबरोबर गेस्ट चालवणारा प्रोग्राम) ऑटो-कन्व्हर्ज लावा, ते गेस्टचा प्रोसेसर मुद्दाम हळू करतं. गेस्ट मंदावेल, व्यापारी ओरडतील, ओरडू देत.

माडाखाली:
पोस्टकॉपीही आहे, म्हणजे गेस्ट आधी नव्या मशीनवर सुरू, उरलेली मेमरी मागून. पण मूळ मशीन मध्येच बंद पडलं तर अर्धी मेमरी इकडे, अर्धी तिकडे, गेस्ट गेलाच. आपल्याकडची पावसाळ्यातली वीज बघता मी तरी नाही करणार.