मदत हवी आहे: सोळा वर्षांच्या मुलाला क्लासला जायला बाईक द्यावी का?

मंडळी, लिहू की नको असं करत पंधरा दिवस गेले. आज मात्र राहवलं नाही.

आमचं गाव कराडहून पाटणच्या रस्त्याला अकरा किलोमीटरवर. मुलगा अकरावी सायन्सला आहे. सोळा पूर्ण झाली, मार्चमध्ये सतरावं पूर्ण होईल. फिजिक्सचा क्लास कराडात सकाळी साडेसहाला आणि आमच्या फाट्यावर पहिली बस पावणेसातला. दिवाळीपर्यंत त्याचे बाबा सोडायचे. आता त्यांची ड्यूटी बदलली, ते पहाटेच बाहेर पडतात. मी स्वतः गाडी चालवत नाही. घरात जुनी स्प्लेंडर उभी आहे आणि पोराचा एकच धोशा, "आई, चावी दे."

त्याला गाडी येत नाही असं नाही. त्याच्या काकांनी पाणंदीत शिकवली. मी मागे बसून पाहिलंय, क्लच सोडताना जरासुद्धा हिसका बसत नाही. भीती वाटते ती रस्त्याची. गळीत हंगाम सुरू आहे, रात्रभर उसाचे ट्रॅक्टर चालतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या. कितीतरी ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर असले तर चिखलाने माखलेले. आत्ता डिसेंबरात सहा वाजता मिट्ट काळोख असतो. त्यात रस्त्यावर सांडलेला ऊस.

हे म्हणतात, "मी नववीत असताना राजदूतवर दूध घालायला डेअरीत जायचो, काय झालं मला?" खरं आहे त्यांचं. पण तेव्हा त्या रस्त्याला सकाळी चार गाड्या दिसायच्या, आणि ह्यांच्या मागे दोन मित्र बसलेले नसायचे.

खरी गोष्ट आता सांगते. गेल्या आठवड्यात त्याच्या उजव्या पोटरीवर भाजल्याचा डाग दिसला, रुपयाएवढा. सायलेन्सरचा चटका आहे हे लगेच कळलं. आधी म्हणाला मित्राच्या मागे बसलो होतो. रात्री जेवताना आपणहून कबूल केलं, महिनाभर मित्राची गाडी तोच चालवतोय, कधी कधी ट्रिपल सीट. हेल्मेट कुणालाच नाही.

म्हणजे मी "नाही" म्हणत राहिले आणि तो चालवतच होता. तेव्हापासून वाटतं, चोरून चालवण्यापेक्षा घरची गाडी, डोक्याला हेल्मेट आणि निघाल्या-पोचल्याचा फोन हे बरं नाही का? तो म्हणतो सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं. हे खरं आहे का? आणि नाही म्हणायचंच असेल, तर तो पुन्हा लपवणार नाही असं कसं म्हणायचं?

प्रतिसाद

ताई, मी अपघाताच्या दाव्यांची वकिली करतो, म्हणून आधी कायद्याचं सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 4 प्रमाणे सोळा वर्षांनंतर फक्त 50 सीसीपर्यंतची दुचाकी चालवता येते, तीही लायसन्स काढून. स्प्लेंडर त्याच्या दुप्पट इंजिनाची. तिला अठराच लागतात.

2019 च्या दुरुस्तीने 199अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. पालकांची संमती होती असंच न्यायालय आधी गृहीत धरतं. "माझ्या नकळत नेली" हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. चावी दारामागच्या खिळ्याला टांगलेली असेल तर ते फार जड जातं. आणि ज्या मित्राची गाडी तो चालवतोय, त्याच्या वडिलांच्या डोक्यावरही हेच टांगलेलं आहे. त्यांना भेटून सांगा. त्यांना बहुतेक माहीतच नसेल.

प्रतिसाद

वहिनी, माझं मत वेगळं. द्या गाडी. आमच्याकडे सगळी पोरं चालवतात. अंगावर जबाबदारी पडली की पोरगं आपोआप जपून चालवतं. हेल्मेटची अट घाला आणि रोज मीटर बघा.

प्रतिसाद

वरच्या दादांना उत्तर देतोय. मीही हेच म्हणायचो. माझा पुतण्या सतरा वर्षांचा, अगदी जपून चालवणारा. तासगावच्या बाजूला संध्याकाळी एक आजोबा सायकलवरून आडवे आले. पुतण्याला खरचटलं. आजोबांचं खुब्याचं हाड मोडलं, नंतर ते स्वतःच्या पायावर उभे राहिलेच नाहीत. विमा होता, पण चालवणाऱ्याकडे लायसन्स नव्हतं. कंपनीने भरपाई आजोबांना दिली आणि न्यायाधिकरणाच्या आदेशाने ती भावाकडून वसूल केली. भावाने अर्धा एकर विकला. पैशाचं एकवेळ सोसलं. पण पोरगं दोन वर्षं त्या आळीतून जायचं टाळत होतं, अजूनही त्या आजोबांच्या घरच्यांसमोर मान वर करत नाही. वहिनी, आपण सगळे आपल्या पोराला काय होईल याचाच विचार करतो. त्याच्या हातून दुसऱ्याचं काही झालं तर ते ओझं सोळाव्या वर्षी पेलत नाही.

प्रतिसाद

मी अकरावी-बारावीला शिकवते. तुमच्या मुलाला एक गणित घालून बघा, फिजिक्सचाच विद्यार्थी आहे. ताशी साठ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर. काळोखात बिनदिव्याची ट्रॉली दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद धरा. ते सतरा मीटर गेलेच, थांबायचं अंतर त्यानंतर सुरू होतं. हे त्याला स्वतः कागदावर काढू द्या. आपण सांगितलेलं या वयात ऐकलं जात नाही, स्वतः काढलेलं उत्तर पटतं.

कुणीतरी बिनलायसन्सची इलेक्ट्रिक स्कूटर सुचवेल. ताशी 25 किलोमीटर आणि 250 वॅटपर्यंतच्या गाडीला लायसन्स लागत नाही हे खरं, पण तुमच्या रस्त्यावर अंधारात पंचवीसच्या वेगाने जाणं मला सुरक्षित वाटत नाही. गावातल्या गावात ठीक.

त्यापेक्षा त्या रस्त्याने क्लासला जाणारी अजून किती मुलं आहेत ते बघा. आमच्या इथे सात पालकांनी मिळून एक वडापवाला, म्हणजे शेअर जीपवाला, महिन्यावर ठरवला. आणि क्लासवाल्या सरांनाही विचारा. बस सोयीची नाही म्हणून पाच मुलं उशिरा येतात असं कळलं की बॅच अर्ध्या तासाने पुढे सरकते, हे मी पाहिलंय.

धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. तासगावच्या दादांचा प्रतिसाद मी ह्यांना वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग उठून चावी कपाटात ठेवली. राजदूतचा विषय त्यानंतर निघाला नाही.

काल मुलाशी बोलले. चोरून चालवल्याबद्दल रागावले नाही, कारण सांगितलं त्यानेच होतं. म्हटलं, अठरा पूर्ण झाल्या दिवशी लर्निंगला अर्ज करू, हेल्मेट तुझ्या पसंतीचं, आयएसआयचं, आत्ताच घेऊ. तोवर दर रविवारी बाबांबरोबर आपल्या शेतात चालव. रस्त्यावर नाही, कुणाचीच नाही. हिरमुसला. गणित मात्र त्याने केलं, ब्रेकचं अंतरही धरून, आणि कागद टेबलावर ठेवून झोपला.

मित्राच्या आईकडे आज संध्याकाळी जाणार आहे. फाट्यावरची चार मुलं मिळाली, वडापला अजून दोन हवीत. सुपने ते कराड पट्ट्यातलं कुणी इथे असेल, साडेसहाच्या क्लासला मुलगा-मुलगी जात असेल, तर कृपया कळवा. सोमवारपासून सुरू करायचा विचार आहे.