शब्दचर्चा: गाडी देवाला ‘अर्पण’, ‘समर्पित’ की आणखी काही?

रामबाग_इंदूर
प्रार्थनासभेच्या पत्रकासाठी एक ओळ अडली आहे. एका ख्रिस्ती कुटुंबाने आपलं शिवणयंत्र आणि ओम्नी गाडी देवाच्या सेवेसाठी ठेवली आहे. यंत्र घरातच राहणार, शनिवारी त्यावर मुलींना शिवण शिकवणार. गाडीतून रोज दुकानाचा मालच जाणार, पण कुणाला एम. वाय. हॉस्पिटलात न्यायचं निघालं तर आधी ते. हिंदी पत्रकात ‘समर्पित’ छापून मोकळे झालो. मराठीत ‘अर्पण केली’ लिहिलं, तर घरातल्या आजी म्हणतात, मग गाडी पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) दारात का नाही?

छावणीकर
आजींचं बरोबर आहे. अर्पण म्हणजे हातून सुटलेलं. बुडालेल्या पैशालाही आपण ‘कृष्णार्पण’ म्हणतो. ‘वाहणे’ही तसंच, एकदा वाहिलेलं फूल उचलून कुणी वेणीत माळत नाही. (इंदुरात आपण ‘चढवलं’ म्हणतो आणि पुण्याचे पाहुणे हसतात. हसू द्या.) शिवाय ‘गाडी देवाला वाहिली’ असं छापलंत, तर निम्मे लोक विचारतील कुठल्या पुरात!

महेश्वरवाले
देवाची झाली म्हणजे हातून गेलीच, असं कशाला? अहिल्याबाईंनी खासगीच्या, म्हणजे स्वतःच्या हक्काच्या दौलतीवर तुळशीपत्र ठेवलं, अशी आपल्याकडची परंपरा. राज्य शंकराचं, म्हणून हुकमांवर ‘श्रीशंकर’. त्यानंतर ती दौलत काय कुलपात पडून राहिली? घाट झाले, विहिरी, धर्मशाळा झाल्या, १७८० मध्ये काशी विश्वनाथाचं मंदिर उभं राहिलं. दौलत तीच, चालवणारी बाई तीच. मालक तेवढा बदलला. तुमच्या बायबलातला ‘कारभारी’ हाच ना?

रामबाग_इंदूर
हो, करिंथकरांस पहिल्या पत्रात (४:२) आहे, कारभारी विश्वासू हवा म्हणून. पण कारभारी माणूस झाला, गाडीला काय म्हणू? आणि आमच्या मावशी काकांना ‘कारभारी’ म्हणतात, सभेत खसखस पिकायची.

पाळकघरची
माहेर नगरचं, वाढले मराठी उपासनेत, म्हणून लिहिते. आमच्याकडे ‘अर्पण’ म्हणजे रविवारी थैली फिरते तेव्हा तिच्यात टाकतो ते. ‘समर्पण’ माणसाचं नाहीतर वास्तूचं. रोमकरांस पत्रात (१२:१) आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून समर्पण करायला सांगितलं आहे. लहान मुलांचं बालसमर्पण असतं, नवं चर्च बांधलं की समर्पण विधी. गाडी, यंत्र, घरातली मोठी पातेली यांना बोलताना कुणी एवढे जड शब्द लावत नाही. सरळ म्हणतात, ‘प्रभूच्या कामी लावली.’

शास्त्रातही, म्हणजे बायबलात, दोन्ही तऱ्हा वेगवेगळ्या दिसतात. निर्गम ३८:८ मध्ये दर्शनमंडपाच्या (उपासनेच्या तंबूच्या) दाराशी सेवा करणाऱ्या बायकांच्या पितळी आरशांचं गंगाळ केलं. (गंगाळ! अंघोळीच्या पाण्याचं, तेच. मराठी भाषांतरकाराला इथे दाद द्यायला हवी.) त्या आरशांत पुन्हा कुणाला तोंड बघता आलं नसणार, तेव्हा ते खरं अर्पण. मार्क ११:३ मधलं, येशूने शिष्यांकरवी मागवलेलं गाढवाचं शिंगरू बघा. ‘प्रभूला गरज आहे’ एवढं सांगून सोडून नेलं, आणि लगेच परत पाठवायची बोलीही त्याच वाक्यात. शिमोन कोळ्याचा मचवा तसाच. येशूने त्यात बसून लोकांना शिकवलं आणि बोलणं संपल्यावर त्याच मचव्यातून जाळी टाकायला सांगितली. ओम्नी या जातीची आहे.

महेश्वरवाले
पण ‘कामी लावली’ फार व्यवहारी वाटतं. पोराला दुकानात कामी लावल्यासारखं. पावित्र्य कुठे आलं त्यात?

पाळकघरची
बायबलातल्या जखऱ्या संदेष्ट्याचा शेवटचा अध्याय काढा. महायाजकाच्या (मुख्य पुरोहिताच्या) पागोट्यावरच्या सोन्याच्या पट्टीवर ‘परमेश्वरासाठी पवित्र’ कोरलेलं असे. जखऱ्या म्हणतो, ती अक्षरं घोड्यांच्या घंटांवर येतील आणि यरुशलेमेतली घराघरातली हंडी पवित्र होईल. घोडा घोड्याचंच काम करणार, हंडीत मांसच शिजणार. व्यवहार सोडून पावित्र्य, असं तिथे नाहीच मुळी.

छावणीकर
‘कुर्बान’ राहिला की! मार्क ७:११ मध्ये तो शब्द तसाच ठेवून पुढे ‘अर्पण’ असा खुलासा केला आहे. मूळ इब्री (हिब्रू), अरबीतला त्याचाच भाऊ फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि ‘जान कुर्बान’ करू लागला. मार्कातला अर्थ मात्र बोचरा आहे. आई-बापांना जे द्यायचं ते ‘कुर्बान’ म्हणून जाहीर करायचं, की पोसायची जबाबदारी टळली. येशूने शास्त्र्या-परूश्यांना, म्हणजे तेव्हाच्या यहुदी धर्मपंडितांना, तिथेच धरलं. तेव्हा मोठा शब्द छापण्याआधी आजींना गाडीतून डोळ्यांच्या डॉक्टरकडे कोण नेतंय ते बघा.

रामबाग_इंदूर
त्यांचा नातूच नेतो, याच गाडीतून! मग असं छापते: ‘या कुटुंबाने आपलं शिवणयंत्र आणि गाडी प्रभूच्या कामी लावली आहे.’

छावणीकर
‘लावली आहेत.’ यंत्र नपुंसक, गाडी स्त्रीलिंगी, दोन्ही मिळून नपुंसक अनेकवचन. ‘आहे’ ठेवलंत तर यंत्र घरीच बसलं.