मदत हवी आहे: मूनी तेच, मग पट्टी का फुगतेय?

नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं छोटं रबर युनिट आहे, खिडक्यांची ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) बीडिंग, म्हणजे सीलची पट्टी, काढतो. दोन आठवडे एक्स्ट्रूडरने (रबर दाबून पट्टी काढणारं मशीन) डोकं उठवलंय. डाय (पट्टीला आकार देणारा साचा) तीच, स्क्रूचा वेग तोच, पण डायच्या तोंडातून सुटली की पट्टी नेहमीपेक्षा जास्त फुगते. ८ मिमी हवी तिथे कधी ९.२, कधी ९.८. वर कडेला करवतीसारखे दाते, बोट फिरवलं तर खरखर लागते.

कंपाउंडवाला (मिसळलेलं रबर पुरवणारा) म्हणतो, "साहेब, मूनी ६२ आहे, रिपोर्ट बघा." मूनी म्हणजे कच्च्या रबराचा घट्टपणा सांगणारा आकडा; रिपोर्ट खराच असेल हो. पण मूनीचा रोटर १०० अंशांवर मिनिटाला जेमतेम २ फेरे घेतो. डायमध्ये रबर त्याच्या कितीतरी पट वेगाने कातरलं जातं, आणि वेग वाढला की प्रत्येक कंपाउंड आपापल्या परीने पातळ होतं. त्यामुळे मूनी सारखं असूनही डायमध्ये दोन लॉट वेगळे वागू शकतात, हे त्याला कसं पटवू?

माझा संशय मिक्सिंगवर आहे. लॉट कापून पाहिला तर कार्बन ब्लॅकचे (रबरात मिसळायच्या काजळीचे) बारीक ठिपके दिसले, म्हणजे ती नीट मिसळलेली नाही.

डायचं तापमान ९० वरून १०५ केलं. दाते कमी झाले, पण तासाभरात स्कॉर्चच्या (वेळेआधीच पिकलेल्या रबराच्या) गुठळ्या यायला लागल्या. परत खाली आणलं.

आता स्क्रू हळू करू की डायची लँड (तोंडाजवळचा सरळ भाग) लांबवू? लँड वाढवली तर फुगणं कमी होईल, पण प्रेशर वाढून रबर आणखी तापेल ना? आणि पुण्यात कॅपिलरी रिओमीटरवर (जास्त वेगाने कातरताना रबर किती घट्ट वाहतं ते मोजणारं यंत्र) बाहेरचे सँपल कोण तपासून देतं?