मदत हवी आहे : विद्यापीठाचा मेल आपल्याच सर्व्हरवर ठेवावा की बाहेर न्यावा?

नमस्कार मंडळी,

मी महाराष्ट्रातल्या एका सरकारी विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवते. यंदा माहिती तंत्रज्ञान समितीत माझं नाव आलं आणि पहिलंच काम पदरात पडलं ते मेलचं. संलग्न महाविद्यालयं यात नाहीत, फक्त परिसरातले विभाग : सुमारे ४२०० विद्यार्थी, २६० शिक्षक, ३४० शिक्षकेतर कर्मचारी. वित्त समितीच्या बैठकीआधी कुलसचिवांकडे टिप्पणी द्यायची आहे. ज्यांनी आपल्याकडे हे करून बघितलंय, त्यांनी कृपया सांगा.

सध्या संगणक केंद्रात आमचा स्वतःचा सर्व्हर आहे. पोस्टफिक्स (मेलची ने-आण करायला), डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळायला) आणि वर राउंडक्यूब (ब्राउझरमध्ये मेल वाचायला). ज्या सरांनी तो उभा केला ते निवृत्त झाले, आता एक कंत्राटी मुलगा सगळं एकट्याने बघतो. शिक्षकांना ५०० एमबी जागा. विद्यार्थ्यांना खाती नाहीतच, प्रवेश अर्जावर जो पत्ता लिहिला तोच आमच्याकडे. त्यातले बरेच पत्ते अर्ज भरून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्याने तिथल्या तिथे काढून दिलेले असतात. पासवर्ड काय ठेवला ते मुलांना ठाऊकच नसतं.

हे असंच चालू ठेवता येणार नाही, हे मला ज्यामुळे पटलं ते सांगते. दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या एका शिक्षकांना ‘तुमचा मेलबॉक्स भरला आहे, इथे लॉगिन करा’ असा फसवा मेल आला. ५०० एमबीमुळे मेलबॉक्स खरोखरच सारखा भरतो, त्यामुळे त्यांना शंका आली नाही. रात्रीतून त्या खात्यावरून हजारो मेल सुटले आणि सकाळी आमचा आयपी, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत. यादीतून सुटायला चार दिवस लागले, पण जीमेलवर आमचे मेल पुढेही कितीतरी दिवस स्पॅममध्येच पडत होते.

त्याच दिवसांत माझ्या एका विद्यार्थिनीच्या पीएच.डी.च्या प्रबंधासाठी बहिःस्थ परीक्षकांची संमती मागवली होती. तो मेल त्यांच्या स्पॅममध्ये तीन आठवडे पडून राहिला. आम्हाला वाटलं ते उत्तर देत नाहीत, त्यांच्या लेखी विद्यापीठाने विचारलंच नव्हतं. तोंडी परीक्षा लांबली आणि नोकरीची एक मुलाखत तिच्या हातची गेली. माझ्या केबिनमध्ये बसून ती अंगठ्याने इनबॉक्स खाली ओढायची, सोडायची, पुन्हा ओढायची. मी तिला धीर देत होते आणि दोष कुठे आहे हे मलाच माहीत नव्हतं.

मेल खरंच आमच्याकडून आला आहे हे समोरच्या सर्व्हरला पटवायला डोमेनच्या नोंदींत तीन गोष्टी लागतात : एसपीएफ (कोणते सर्व्हर आमच्या नावाने मेल पाठवू शकतात), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं). नंतर तपासलं तर एसपीएफ होतं, डीकेआयएम आणि डीमार्क नव्हतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल खात्यांना दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना ही तिन्ही लागतात, आणि निकालाच्या आठवड्यात आम्ही त्या आकड्याच्या आसपास असतो. आता ते करून घेतलं आहे. त्यामुळे समितीतले काही जण म्हणतात, दुरुस्त झालं ना, मग खर्च कशाला? मला ते पटत नाही. नोंदी एकदा भरून भागत नाही. रात्री दोन वाजता सर्व्हरच्या बाहेर जाणाऱ्या रांगेत अचानक दहा हजार मेल दिसले तर बघणारं कोणीतरी लागतं, आणि तसं पद आमच्याकडे मंजूर नाही.

बाहेर न्यायचं तर पहिला विचार गुगलच्या शिक्षणसंस्थांसाठीच्या मोफत आवृत्तीचा. पूर्वी तिथे अमर्याद जागा होती. २०२१ मध्ये त्यांनी धोरण बदललं आणि आता अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी. मायक्रोसॉफ्टनेही पुढे तसंच केलं. ४८०० खात्यांना वाटलं तर माणशी २० जीबीच्या वर येते, म्हणजे आजच्या ५०० एमबीपुढे चैनच. पण दर वर्षी १५०० मुलं बाहेर पडतात. त्यांची खाती चालू ठेवली तर दहा वर्षांत खाती वीस हजारांच्या आसपास जातील आणि वाटा ५ जीबीवर येईल. बंद केली तर ज्या पत्त्यावर मुलांनी शिष्यवृत्तीचे, नोकरीचे अर्ज केले तोच पत्ता आपण त्यांच्या हातून काढून घेतो. मला सगळ्यात जास्त घोर याचाच आहे. एक दिलासा म्हणजे एसी डॉट इन हे डोमेन अर्नेटकडून (शिक्षणसंस्थांना अशी डोमेन देणारी सरकारी संस्था) घेतलेलं, आमचंच आहे. कुठेही गेलो तरी पत्ते तेच राहतील, फक्त एमएक्स नोंद (डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरवर जावा हे सांगणारी) आणि तिच्यासोबत एसपीएफ, डीकेआयएमच्या नोंदी बदलायच्या.

परीक्षा विभागाला मात्र बाहेर जाणं मान्य नाही. त्यांचा पत्रव्यवहार आवारातच राहावा म्हणतात, आणि मला त्यात तथ्य वाटतं. म्हणून मनात आहे ते असं : विद्यार्थ्यांची खाती उपडोमेनवर (आमच्याच डोमेनखालच्या वेगळ्या नावावर) बाहेर, परीक्षा विभाग आपल्या सर्व्हरवर, शिक्षक कुठे ते ठरत नाहीये. असं दोन ठिकाणी विभागून कोणी चालवलं आहे का? त्रास किती होतो?

दुसरा प्रश्न सूचनांचा. आज सगळं व्हॉट्सअॅपवर चालतं. परिपत्रक निघालं की शिपाई ते फलकावर लावतो आणि वर्गप्रतिनिधी फोटो काढून गटात टाकतो. महाडीबीटीच्या (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या) अर्जाची मुदत शुभेच्छांच्या ढिगाखाली गाडली जाते. शिवाय गटात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. दोन मुलींना अनोळखी फोन यायला लागले तेव्हा त्या गटातूनच बाहेर पडल्या, आणि पुढच्या सूचना त्यांना मिळाल्याच नाहीत. हे मला मुळीच चालण्यासारखं वाटत नाही. व्हॉट्सअॅपच्या चॅनलमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, पण ते कोणाच्या नावाने काढायचं आणि चालवणाऱ्या बाईंची बदली झाली की ते कोणाकडे जाणार?

भर : प्रतिसादांत विचारलंय म्हणून. हो, काही मुलांकडे स्वतःचा स्मार्टफोन नाही, घरात एकच फोन असतो. म्हणून फलक काढायचा नाही हे मी टिप्पणीत लिहिलं आहे. आणि ‘मुलं मेल वाचतच नाहीत’ हे मलाही दिसतं. माझा विचार असा की मूळ परिपत्रक मेलवर जावं, तारीख-वेळेसह नोंद राहावी, आणि चॅनलवर फक्त ‘मेल बघा’ एवढंच. पहिल्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात प्रयोगशाळेत बसवून प्रत्येकाकडून लॉगिन करून घ्यायचं. हे कोणी केलं असेल तर सांगा, एका तुकडीला किती वेळ लागतो?

भर २ : जुने मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवायला आयमॅपसिंक हे साधन सुचवल्याबद्दल आभार, दोन खात्यांवर करून बघते. माजी विद्यार्थ्यांच्या खात्यांबद्दल ज्यांच्याकडे लेखी नियम आहेत (किती वर्षं, किती जागा, बंद करण्याआधी किती दिवस कळवायचं), त्यांनी ती कलमं इथे डकवली तर फार मदत होईल. बैठक पुढच्या महिन्यात आहे.