होमस्टेची वेबसाइट साधी ठेवू की सजवून?

दापोलीकर: मुरुडला आमचा छोटा होमस्टे आहे. वेबसाइट करणारा म्हणतो, सरकते फोटो, व्हिडिओ, पॉपअप हवेतच. मला साधं पान बरं वाटतं. काय करू?

रेघोटी: साधंच करा, बिनधास्त. घाटात, जेमतेम रेंजवर बघणाऱ्या पाहुण्याला दर, फोन आणि नकाशा लागतो. ते उघडल्या उघडल्या दिसू दे. सरकते फोटो काढा, दुसऱ्या फोटोपर्यंत फारसं कुणी थांबत नाही. पडवीचा एकच फोटो, वेबपी या हलक्या फोटो-फॉरमॅटमध्ये, शंभर-दीडशे केबीचा. वेगळा मराठी फॉन्टही नको: जोडाक्षरांमुळे देवनागरीची फाइल जड होते आणि अँड्रॉइडमध्ये नोटो हा देवनागरी फॉन्ट बहुधा आधीच असतो. ओळींतलं अंतर मात्र सढळ ठेवा, नाहीतर वरचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. ब्रिटन सरकारची गव्ह डॉट यूके बघा. जवळजवळ नुसता मजकूर, तरी २०१३ साली लंडनच्या डिझाइन म्युझियमचा 'डिझाइन ऑफ द इयर' पुरस्कार तिलाच मिळाला.

दापोलीकर: आणि जेवणाचा मेनू?

रेघोटी: टाइप करून टाका, कार्डाचा फोटो नको. गूगलला सापडतो आणि दर बदलला की तुम्हालाच बदलता येतो.

मीठभाकर: साधं म्हणजे अपुरं नव्हे हं. चेक-इनची वेळ आणि कुत्रा चालतो का, हे गाळू नका. आम्ही तेच आधी शोधतो.