अंगणातलं कललेलं झाड सरळ करण्याचे अनुभव

मृगाच्या आगेमागे वावधन सुटलं की नागपुरात वस्तीवस्तीत एखाददुसरं झाड कलतं. कोणी ते तोडायला निघतं, कोणी गाडीला दोर बांधून ओढतं, आणि बहुतेकदा दोन्हीकडे झाड जातं. ज्यांनी झाडं उभी केली आणि जगवली, त्यांनी इथे लिहावं. झाडाची जात, बुंध्याची जाडी, माती काळी की मुरमाड आणि वापरलेलं सामान, एवढं नक्की सांगा.

मनीषनगर, काळी माती

आधी झाड कललं आहे की वाकलं आहे ते ठरवा. कललेल्या झाडाचा बुंधा सरळ असतो, पण ज्या बाजूला ते पडतंय त्याच्या उलट बाजूची माती फुगलेली किंवा फाटलेली दिसते. वाकलेल्या झाडाची माती जागच्या जागी असते, खोड उजेडाच्या मागे गेलेलं असतं. ते ओढून सरळ होत नाही. पक्कं झालेलं लाकूड दोर सोडला की परत जातं. तिथे झुकलेल्या बाजूचा भार छाटणं एवढंच करता येतं.

कललेलं असेल आणि बुंध्याचा व्यास साधारण चार इंचांच्या आत असेल, तर घरी जमतं. दोन-तीन दिवसांत हात घाला, तोवर उघडी मुळं ओल्या पोत्याने झाका. मुख्य काम ओढण्याचं नाहीच, खणण्याचं आहे. उचललेल्या मुळांखाली पोकळी होते आणि तिच्यात माती घसरून बसते. तशीच ओढाताण केली तर मुळं त्या मातीवर अडकतात, जुन्या पातळीवर बसत नाहीत आणि झाड महिन्याभरात पुन्हा कलतं. म्हणून सब्बल आणि खुरप्याने मुळांखालची माती उकरून काढा. फाटलेली मुळं करवतीने स्वच्छ कापा. मग ओढा, आणि तीच माती थराथराने भरून पायाने हलकी दाबा. धुम्मस वापरू नका. ओली काळी माती ठोकली की विटेसारखी होते आणि मुळांना हवा मिळत नाही.

त्रिमूर्तीनगर

ओढण्याबद्दल. गाडी किंवा जेसीबी नको, एका झटक्यात शाबूत मुळंही तुटतात. ट्रकवाले माल बांधायला वापरतात तो रॅचेट पट्टा पुरतो. जड झाडाला एक टनी चेनपुली भाड्याने मिळते. पट्टा उंचीच्या साधारण मध्यावर, जाड फांदीच्या बेचक्याजवळ, खाली पोतं गुंडाळून लावा. थोडं ओढा, मुळांकडे बघा, कुठे अडतंय ते उकरा, पुन्हा ओढा.

दुसरं टोक कंपाउंडच्या भिंतीला कधीच बांधू नका. चार इंची विटांची भिंत आडव्या ओढीसाठी बांधलेली नसते, झाडाआधी तीच पडते. जमिनीत तिरका ठोकलेला लोखंडी अँगल वापरा, वरचं टोक झाडापासून दूर झुकलेलं.

बेसा

आधाराच्या खुंट्यांचं सांगते, कारण फसतं ते इथेच. मुरमात दोन फूट गाडलेली खुंटी हलत नाही. काळ्या मातीत पावसाळ्यात तीच खुंटी झाडासोबत कलते, तिथे ती तीन फूट गाडावी लागते. एक खुंटी पुरत नाही. दोन किंवा तीन, मुळांच्या गोळ्याबाहेर. बांबू असेल तर गाडायचं टोक डांबरात बुडवून वाळवा, नाहीतर वर्षाच्या आत उधई खाते.

बांधायला सायकलची जुनी ट्यूब उत्तम. खुंटी आणि खोड यांच्यामध्ये आठच्या आकड्यासारखा वेढा घाला, म्हणजे साल घासत नाही. बाइंडिंग वायर, नायलॉनची दोरी, सरकफास गाठ, तिन्ही नकोत. बुंधा जाड होत जातो आणि गाठ सालीत रुतून अन्नाची वाट तोडते. दर दोन महिन्यांनी सैल करा.

बांधायची उंची शोधायला खोड हाताने धरून बघा: जिथे धरल्यावर झाड सरळ राहतं, त्याच्या सहा इंच वर. त्याहून उंच आणि घट्ट बांधलं तर वरचं झाड हलत नाही, आणि न हलणारं खोड जाड होत नाही. वर्षभराने सोडा. पावसाळ्यात नको, दिवाळीनंतर.

काटोल रोड, संत्रा आणि लिंबू

कलम केलेल्या संत्र्याचा डोळा, म्हणजे कलमाचा जोड, जमिनीपासून अर्धा-पाऊण फूट वर असतो. झाड सरळ करताना भर घालून तो झाकला की डिंक्या, म्हणजे साल सडून डिंक गळण्याचा रोग, ठरलेला. डोळा उघडा ठेवा, माती बुंध्याकडून बाहेर उतरती करा, पाण्याचं आळं बुंध्यापासून दूर घ्या. खरचटलेल्या सालीला बोर्डो पेस्ट लावा: शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम चुना अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा. बादली प्लास्टिकची, लोखंडी नाही. डोळ्याखालून येणारे फुटवे लगेच काढा. ते खुंटाचे, म्हणजे ज्याच्यावर कलम बांधलं त्या खालच्या झाडाचे असतात, संत्र्याचे नाहीत.

मानेवाडा

शेवगा सरळ करायच्या भानगडीत पडू नका. लाकूड ठिसूळ, ओढताना मध्येच मोडतं. तीन फुटांवर कापा, नवे धुमारे येतात. पपईचं खोड पोकळ, तिला फक्त बेचक्याचा टेकू द्या, फळांच्या खाली.

नर्सरीतलं झाड लावून दोन वर्षांत कलत असेल, तर वाऱ्याला दोष देऊ नका. खोड धरून हलवा. बुडाशी मातीत नरसाळ्यासारखा खड्डा पडत असेल तर मुळं पिशवीत गोल फिरलेली आहेत. माती उकरून ती वेढ्याची मुळं कापल्याशिवाय कुठलाही आधार टिकत नाही.

धरमपेठ

मोठ्या झाडांपुरतं एवढंच. जुना कडुनिंब वर्षानुवर्षं तिरपा असेल, शेंडा वर वळलेला असेल आणि बुडाची माती घट्ट असेल, तर त्याने आपला तोल सांभाळला आहे, हात लावू नका. तेच झाड एका वादळात अचानक कललं आणि उलट बाजूला मातीला भेग पडली, तर त्याखालून जाणंही बंद करा. तारा जवळ असतील तर आधी महावितरणला कळवून पुरवठा बंद करून घ्या, मग महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज द्या. अंगण आपलं असलं तरी 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार झाड तोडायला परवानगी लागते. अर्जासोबत भेगेचा आणि बुंध्याचा फोटो जोडा, भेगेशेजारी मोजपट्टी ठेवून.